नव्या संगणकात जुना छापखाना : व्हर्च्युअलबॉक्सचा दीड वर्षाचा अनुभव

अंबाजोगाईत आमचा लहानसा ऑफसेट छापखाना आहे. लग्नपत्रिका, अखंड हरिनाम सप्ताहाच्या पत्रिका, आडत दुकानांची पावतीपुस्तके, शाळांच्या स्नेहसंमेलनांची निमंत्रणे आणि १७ सप्टेंबरच्या सुमारास मराठवाडा मुक्तिसंग्रामानिमित्त निघणाऱ्या छोट्या स्मरणिका, असे आमच्या कामाचे स्वरूप आहे. या कामाचा सुमारे वीस वर्षांचा साठा पेजमेकर या पाने लावण्याच्या सॉफ्टवेअरच्या फाइलींत, युनिकोड (सर्व संगणकांवर सारखी चालणारी अक्षरपद्धती) रूढ होण्यापूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये आणि विंडोज एक्सपीवर चालणाऱ्या एकाच संगणकात होता. ऐन सप्ताहांच्या हंगामात त्या संगणकाचा मदरबोर्ड जळाला. हार्ड डिस्क शाबूत होती, त्यामुळे फाइली हाती लागल्या. पण त्या उघडायच्या कशात, हा प्रश्न उरला. या प्रश्नाचे उत्तर मला व्हर्च्युअलबॉक्स या सॉफ्टवेअरमध्ये मिळाले. गेले दीड वर्ष मी ते रोज वापरत आहे. माझ्यासारख्या छापखानेवाल्यांना आणि डीटीपी, म्हणजे संगणकावर पाने लावण्याचे काम, करणाऱ्यांना निर्णय घेताना उपयोग व्हावा, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

जुन्या फाइली उघडण्याची एवढी गरज का पडते, असे छपाईच्या बाहेरच्या माणसाला वाटू शकेल. आमच्या भागातल्या कामाची रीतच तशी आहे. एखाद्या गावचा सप्ताह दर वर्षी त्याच तिथीला बसतो. कीर्तनकारांची नावे आणि तारखा बदलतात, परंतु काकडा आरती, गाथा भजन, हरिपाठ यांच्या वेळा, पंक्तीच्या यजमानांची यादी आणि वरचा विठ्ठल-रुक्मिणीचा ठसा तोच राहतो. मोठ्या मुलाच्या लग्नाची पत्रिका आमच्याकडे छापलेली असेल, तर धाकट्याच्या लग्नात तेच घर "मागच्यासारखीच काढा" असे सांगत येते आणि त्या पत्रिकेतल्या साठ-सत्तर नातेवाइकांच्या नावांपैकी बदल पाच-सहा ठिकाणीच असतो. ती फाइल उघडली तर काम अर्ध्या तासाचे असते, नाही उघडली तर संपूर्ण मजकूर नव्याने टाइप करून त्याची प्रुफे पुन्हा तपासावी लागतात. आणि मराठी नावांच्या बाबतीत प्रूफ चुकले, तर ते घर पुन्हा आपल्या दुकानाची पायरी चढत नाही.

नवा संगणक विंडोज ११ चा होता. त्यावर पेजमेकर बसवण्याचा एक प्रयत्न मी केला. पेजमेकर कसेबसे उघडले, परंतु फॉन्टच्या जुन्या सॉफ्टवेअरने तिथे चालण्यास नकार दिला. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, म्हणजे ७.०, २००१ साली आली आणि त्यानंतर ते पुढे गेलेच नाही. पाने लावण्याच्याच इनडिझाइन या नंतरच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये पेजमेकरच्या फाइली उघडत असत, आताच्या आवृत्त्यांमध्ये ती सोय नाही. आणि फाइल उघडली तरी आतला मजकूर हा खऱ्या अर्थाने मराठी नसतो. त्या काळच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. फॉन्ट काढून घेतला की "श्री योगेश्वरी प्रसन्न" या ओळीच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचा अर्थहीन गोंधळ दिसतो. म्हणून फाइल, फॉन्ट, फॉन्टचे सॉफ्टवेअर, त्याचे कुलूप (ते चालण्यासाठी संगणकाला लावावे लागणारे छोटे उपकरण) आणि विंडोज एक्सपी ही पाचही माणसे एकत्र बसली तरच आमची पंगत पूर्ण होते. त्यांना एकत्र बसवण्यासाठी दोनच मार्ग होते. एक म्हणजे भंगारातून पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा संगणक शोधून आणणे, आणि दुसरा म्हणजे नव्या संगणकाच्या आत जुना संगणक उभा करणे. लातूरला बीसीएला असलेला माझा भाचा म्हणाला, "मामा, भंगारातला आणला तर तोही दोन वर्षांत जाईल, मग काय करणार?" त्याचे म्हणणे मला पटले.

व्हर्च्युअलबॉक्स नेमके काय करते, ते मी समजून घेतले तसे सांगतो. आपल्या संगणकात हे सॉफ्टवेअर एक काल्पनिक संगणक तयार करते, ज्याला स्वतःचा मदरबोर्ड, स्वतःची हार्ड डिस्क, स्वतःचे नेटवर्क कार्ड असल्याचे आत बसणाऱ्या यंत्रणेला वाटते. विंडोज ११ ही यजमान आणि एक्सपी ही पाहुणी, असे नाते असते. पाहुणीची संपूर्ण हार्ड डिस्क यजमानाच्या दृष्टीने व्हीडीआय नावाची एक फाइल असते. आतला संगणक बिघडला, त्यात विषाणू शिरला किंवा त्याची विंडोज मोडली, तरी ते सगळे नुकसान त्या एका फाइलीपुरते राहते. ही कल्पना नवी नाही. आयबीएमने १९६० च्या दशकात आपल्या मोठ्या संगणकांवर ती राबवली होती आणि १९७२ साली व्हीएम-३७० या नावाने ती बाजारातही आणली होती. घरगुती संगणकांच्या प्रोसेसरमध्ये मात्र तिच्यासाठी खास सोय फार उशिरा आली : इंटेलची व्हीटी-एक्स २००५ साली आणि एएमडीची २००६ साली.

ही सोय प्रोसेसरमध्ये असून भागत नाही, ती चालू असावी लागते. माझा पहिला दिवस इथेच वाया गेला. संगणक विकणाऱ्या दुकानदाराने ती सोय बंदच ठेवली होती आणि त्याला विचारले तर अशी काही सोय असते हेच त्याला माहीत नव्हते. व्हर्च्युअलबॉक्सची ६.१ ही आवृत्ती आली तेव्हापासून प्रोसेसरच्या या मदतीशिवाय ते आतली यंत्रणा चालवतच नाही. म्हणून नवा संगणक घेतल्यावर प्रथम टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सच्या पानावर, सीपीयूच्या तपशिलात, व्हर्च्युअलायझेशन चालू आहे की बंद, ते पाहावे. बंद असेल तर संगणक सुरू होताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, जाऊन ते चालू करावे लागते. इंटेलच्या संगणकावर ते इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी या नावाने असते, तर एएमडीच्या संगणकावर बहुधा एसव्हीएम या नावाने. दोन मिनिटांचे काम आहे, पण ते कुणी सांगितले नाही तर माणूस सॉफ्टवेअरलाच दोष देत बसतो. ॲपलचे एम मालिकेतले लॅपटॉप वापरणाऱ्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये. त्यांचा प्रोसेसर वेगळ्या जातीचा आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सची ७.१ ही आवृत्ती त्यावर चालत असली, तरी तिच्यात एक्सपीसारखी इंटेलच्या प्रोसेसरसाठी बनलेली यंत्रणा चालत नाही.

बसवणी सोपी आहे. नवा काल्पनिक संगणक तयार करताना आपण विंडोज एक्सपी निवडले, की बऱ्याच गोष्टी सॉफ्टवेअर स्वतःच योग्य त्या भरून घेते. विशेषतः हार्ड डिस्कची जोडणी ते आयडीई या जुन्या प्रकारची ठेवते, आणि ती तशीच राहू द्यावी, कारण एक्सपीच्या सीडीमध्ये नव्या साटा जोडणीचा ड्रायव्हर नसतो आणि जोडणी बदलली की बसवणी मध्येच निळ्या पडद्यावर थांबते. मी १ जीबी मेमरी आणि २० जीबीची डिस्क दिली. डिस्क "हळूहळू वाढणारी" ठेवल्यामुळे प्रत्यक्षात ती सुरुवातीला २ जीबीसुद्धा भरली नाही. आपोआप बसवणी करण्याचा पर्याय समोर येतो, तो मी टाळला. प्रादेशिक भाषा आणि वापरकर्त्याचे नाव या गोष्टी स्वतः भरलेल्या बऱ्या. नव्या संगणकात सीडी घालायला जागा नसल्यामुळे एक्सपीच्या सीडीची आयएसओ फाइल, म्हणजे सबंध सीडीची एका फाइलीतली नक्कल, शेजारच्या नेट कॅफेतल्या जुन्या संगणकावर तयार करून घेतली. परवान्याच्या बाबतीत मी सुदैवी ठरलो, कारण माझ्याकडे त्या काळी वेगळी विकत घेतलेली पेटीबंद एक्सपी होती. संगणकासोबत आलेली, म्हणजे ओईएम प्रकारची विंडोज त्याच यंत्रापुरती असते आणि ती दुसरीकडे, मग ते काल्पनिक यंत्र का असेना, हलवण्याची परवानगी नसते. छापखान्याच्या धंद्यात हे लक्षात ठेवले पाहिजे.

बसवणी झाली, की गेस्ट ॲडिशन्स नावाचा जोड आतल्या एक्सपीत लगेच बसवावा. त्याच्याशिवाय खिडकीत गेलेला माउस बाहेर काढण्यासाठी प्रत्येक वेळी उजवे कंट्रोल बटण दाबावे लागते आणि पडदा छोटासाच राहतो. तो जोड बसला की माउस सहज आतबाहेर फिरतो, खिडकी मोठी केली की एक्सपीचा पडदाही मोठा होतो, आणि मुख्य म्हणजे सामायिक फोल्डरची सोय मिळते. उजवे कंट्रोल आणि एफ एकत्र दाबले की एक्सपी पूर्ण पडदाभर पसरते. पहिल्यांदा ती तशी पसरली आणि त्या ओळखीच्या हिरव्या टेकडीच्या चित्रावर माझे फोल्डर दिसले, तेव्हा मला मनापासून बरे वाटले. २००९ सालच्या एका गावच्या सप्ताहाची पत्रिका मी त्याच संध्याकाळी उघडली. एकही काना-मात्रा हललेला नव्हता.

आता कुलपाविषयी, कारण मराठी डीटीपी करणाऱ्यांची खरी अडचण तिथे आहे. त्या काळी फॉन्टच्या सॉफ्टवेअरसोबत डोंगल मिळत असे. आमच्या धंद्यात त्याला लॉकच म्हणतात. ते संगणकाला लावलेले असल्याशिवाय फॉन्टचा कळफलक चालत नाही. ज्यांच्याकडे प्रिंटरच्या जुन्या पंचवीस पिनांच्या पोर्टला लागणारे लॉक आहे, त्यांना माझ्या अनुभवाचा उपयोग होणार नाही, कारण नव्या संगणकांना ते पोर्टच नसते. माझे लॉक यूएसबीचे होते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये यूएसबीचे एखादे उपकरण यजमानाकडून काढून थेट पाहुण्याच्या स्वाधीन करता येते, आणि त्यासाठी एक गाळणी (फिल्टर), म्हणजे कोणते उपकरण आत द्यायचे याची नोंद, लिहून ठेवली की एक्सपी सुरू होताच ते लॉक आपोआप तिच्याकडे जाते. एक्सपीला यूएसबी ३ ची ओळख नसल्यामुळे सेटिंगमध्ये यूएसबी १.१ ठेवावे, लॉकसारख्या उपकरणाला तेवढा वेग पुरतो. लॉकचा ड्रायव्हर आतल्या एक्सपीत बसवावा लागला, तो जुन्या हार्ड डिस्कवर सापडला. फॉन्टची ती कंपनी आता फोन उचलत नाही. माझे लॉक हरवले किंवा मोडले, तर आमची वीस वर्षांची पाने वाचता येतील, पण त्याच कळफलकावर दुरुस्त करता येणार नाहीत. म्हणून ते लॉक मी संगणकाच्या मागच्या बाजूला, कुणाचा धक्का लागणार नाही असे लावून ठेवले आहे.

याच कारणासाठी व्हर्च्युअलबॉक्सच्या मालकीचा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो. इनोटेक या जर्मन कंपनीने ते तयार केले आणि २००७ सालच्या जानेवारीत त्याची मुक्तस्रोत, म्हणजे मूळ लिखाण (स्रोत) कुणालाही पाहता-वापरता येणारी, आवृत्ती लोकांसाठी खुली केली. २००८ साली ती कंपनी सन मायक्रोसिस्टिम्सने घेतली आणि २०१० साली सनच ओरॅकलच्या ताब्यात गेली. मालक दोन वेळा बदलले, पण मूळ सॉफ्टवेअर जीपीएल या मुक्तस्रोत परवान्याखाली खुले असल्यामुळे त्याचा स्रोत कुणालाही मिळतो आणि कुठल्याही मालकाने उद्या ते बंद केले तरी त्याला कुलूप घालता येत नाही. बंद पडलेल्या कंपनीच्या लॉकवर ज्याचा धंदा अवलंबून राहिला आहे, त्याला या गोष्टीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. किंमत म्हणाल, तर मूळ सॉफ्टवेअरला एक रुपयाही द्यावा लागत नाही, आणि ते दुकानात, धंद्यासाठी वापरायलाही मोकळीक आहे. पण इथे एक बारकावा आहे, ज्याकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. त्याच पानावरून एक्स्टेन्शन पॅक नावाचा वेगळा जोड उतरवता येतो. त्याचा परवाना निराळा असून तो वैयक्तिक वापर, शिक्षण आणि पारख यांसाठी मोफत आहे, व्यवसायासाठी नाही. दूरच्या संगणकावरून पडदा पाहणे, वेबकॅम आत देणे, डिस्क सांकेतिक करून ठेवणे अशा गोष्टी त्यात येतात. छापखान्याला यांतले काहीही लागत नाही. दुकानदारांनी तो जोड बसवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रोजच्या कामाची पद्धत सांगतो. ग्राहक मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवतो, आणि तो युनिकोडमध्ये असतो. बाहेरच्या विंडोजमधून तो उचलून थेट आतल्या पेजमेकरमध्ये चिकटवला, तर मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते. हा व्हर्च्युअलबॉक्सचा दोष नाही. सामायिक क्लिपबोर्ड आपले काम बरोबर करतो, पेजमेकरलाच युनिकोड कळत नाही. म्हणून मजकूर आधी बाहेर फॉन्ट-परिवर्तकातून जुन्या फॉन्टच्या सांकेतिक रूपात आणायचा, तो इंग्रजीसारखा दिसू लागला की मग आत चिकटवायचा, आणि तिथे आपला फॉन्ट लावायचा. परिवर्तनात रफार आणि ऱ्हस्व वेलांटी यांची जागा कधी कधी चुकते, त्यामुळे प्रूफ वाचणे टळत नाही. पान लागल्यावर पोस्टस्क्रिप्ट ही छपाईसाठीची फाइल काढून डिस्टिलर या सॉफ्टवेअरमधून तिची पीडीएफ करायची आणि ती सामायिक फोल्डरमध्ये टाकायची. तिथून पुढे प्लेटसाठी पाठवणे, ग्राहकाला फोनवर दाखवणे, लेझर प्रिंटरवर नमुना काढणे ही कामे विंडोज ११ वरून होतात. प्रिंटरला आतल्या एक्सपीशी जोडण्याचा खटाटोप मी केलाच नाही, कारण नव्या प्रिंटरांचे एक्सपीसाठीचे ड्रायव्हर मिळत नाहीत आणि पीडीएफच्या मार्गाने त्यांची गरजही पडत नाही.

एक्सपीला मी इंटरनेट दिलेले नाही. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ पासून तिच्या सुरक्षेची दुरुस्ती थांबवली आहे, आणि अशी यंत्रणा उघड्या जाळ्यावर सोडणे म्हणजे दार उघडे ठेवून यात्रेला जाण्यासारखे आहे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये नेटवर्क कार्डच काढून टाकता येते, ही मला त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते. भंगारातल्या संगणकावर कुणीतरी कधीतरी केबल लावलीच असती. ग्राहकांचे पेनड्राइव्हही आतल्या यंत्रणेला कधी देऊ नयेत. ते बाहेरच तपासायचे आणि लागणारी एकच फाइल सामायिक फोल्डरमधून आत न्यायची. तो फोल्डरही संपूर्ण डी ड्राइव्हचा न करता, त्यासाठी वेगळा काढलेला छोटा फोल्डर असावा, म्हणजे आत काही शिरलेच तर बाहेरच्या सगळ्या फाइलींपर्यंत त्याचा हात पोहोचत नाही.

वेगाबद्दल दोन गोष्टी. विंडोज ११ मध्ये मेमरी इंटेग्रिटी नावाचे संरक्षण चालू असेल, तर विंडोजचा स्वतःचा हायपरव्हायझर (काल्पनिक संगणक चालवणारा भाग) आधीच प्रोसेसरच्या त्या सोयीवर बसलेला असतो आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या वरून काम करावे लागते. अशा वेळी खिडकीच्या तळाशी हिरव्या कासवाचे चिन्ह दिसते. कासव दिसले की आतली यंत्रणा मंदावलेली असते. ते संरक्षण बंद केले की कासव जाते आणि फरक जाणवतो. टाइप करताना फारसा नाही, पण चित्रे असलेल्या स्मरणिकेची पीडीएफ करताना चांगलाच. मी दोन्ही प्रकारे वापरून पाहिले आणि शेवटी संरक्षण चालू ठेवले, कारण बाहेरची विंडोज दिवसभर लोकांच्या फाइली आणि पेनड्राइव्ह हाताळते. ज्यांचा संगणक इंटरनेटपासून दूर असेल, त्यांनी वेगाची बाजू घ्यायला हरकत नाही. दुसरी गोष्ट मेमरीची. बाहेरच्या संगणकात ८ जीबी मेमरी असेल तर आतली एक्सपी सहज चालते, परंतु बाहेर ब्राउझर, कोरल ड्रॉ आणि आत पेजमेकर असे एकत्र चालू असले की यजमान धापा टाकू लागतो. मी पुढे १६ जीबी केली आणि तो त्रास संपला.

आमच्या भागात ज्या गोष्टीचा सर्वांत जास्त विचार करायला हवा, ती वीज आहे. लाइट कधी जाईल याचा नेम नसतो आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे गेला की इन्व्हर्टरही लवकर मान टाकतो. पहिल्या तीन महिन्यांत एकदा लाइट गेली, यूपीएसची बॅटरी कमजोर झालेली होती आणि संगणक तसाच बंद पडला. परत चालू केल्यावर विंडोज ११ सुखरूप होती, आतली एक्सपी मात्र सुरूच होईना. चौकशी करता कारण कळले. आयडीई जोडणीच्या डिस्कसाठी व्हर्च्युअलबॉक्स मुळातच यजमानाची साठवण-मेमरी वापरते. म्हणजे एक्सपीला वाटते की फाइल डिस्कवर लिहून झाली, पण प्रत्यक्षात ती अजून यजमानाच्या मेमरीत असते, आणि त्या क्षणी वीज गेली तर ती कुठेच उरत नाही. होस्ट आय-ओ कॅश या नावाचा तो पर्याय स्टोरेजच्या सेटिंगमध्ये आहे. मी तो बंद केला, डिस्कचा वेग थोडा कमी झाला तो मान्य केला, आणि यूपीएसची बॅटरी त्याच आठवड्यात बदलली. माझे तीन दिवसांचे काम त्या दिवशी गेले, कारण प्रत मी तीन दिवसांपूर्वीची ठेवलेली होती. एका घरच्या लग्नपत्रिकेतली सगळी नावे पुन्हा टाइप करावी लागली. त्या रात्री दोन वाजेपर्यंत बसून मी ती पूर्ण केली आणि सकाळी पत्रिका दिली.

तेव्हापासूनचा नियम असा आहे : दुपारी जेवायला जाताना एक्सपी "सेव्ह स्टेट" करून ठेवतो, म्हणजे ती जिथे आहे तिथे गोठते आणि परत आल्यावर पेजमेकरमधला कर्सरसुद्धा त्याच अक्षरावर उभा असतो. ही सोय इतकी उपयोगी आहे, की लाइट गेल्याचा आवाज येताच यूपीएसच्या पाच मिनिटांत ती वापरता येते; १ जीबी मेमरीची यंत्रणा एसएसडीवर काही सेकंदांत गोठते. रात्री मात्र एक्सपी रीतसर बंद करतो आणि तिचा संपूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतो. सबंध संगणकाची, फॉन्टसकट, सेटिंगसकट, फाइलींसकट प्रत एका फोल्डरच्या नकलेइतकी सोपी असणे, हे सुख मला जुन्या संगणकाने वीस वर्षांत दिले नव्हते. स्नॅपशॉटची, म्हणजे आतल्या संगणकाची त्या क्षणाची स्थिती टिपून ठेवण्याची, सोयही आहे. एखादा नवा फॉन्ट बसवण्यापूर्वी मी स्नॅपशॉट घेतो आणि बिघडले तर मागे जातो. पण स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो मूळ डिस्कवरच अवलंबून असतो आणि साठवत गेले की प्रत्येकाची वेगळी फाइल वाढत जाते. काढून टाकताना त्या फाइली मुळात मिसळाव्या लागतात, त्याला वेळ लागतो आणि डिस्कवर मोकळी जागाही लागते. एकदोनपेक्षा जास्त ठेवू नयेत.

इतर पर्याय मी पाहिले, पण प्रत्येकाबद्दल थोडेच सांगता येईल. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो हे नोव्हेंबर २०२४ पासून व्यवसायासाठीसुद्धा मोफत झाले आहे आणि चित्रांच्या वेगात ते व्हर्च्युअलबॉक्सच्या पुढे आहे. मात्र ते मुक्तस्रोत नाही आणि कुलपाचा अनुभव घेतलेल्या माणसाचे मन तिथे अडते. विंडोजमधला याच कामाचा हायपर-व्ही घरगुती आवृत्तीत मिळत नाही, आणि यूएसबीचे उपकरण थेट आत देण्याची सोय त्यात नसल्यामुळे लॉक असणाऱ्यांसाठी तो निरुपयोगी आहे. ज्यांचा यजमानच विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्तस्रोत यंत्रणा आहे, त्यांच्यासाठी याच कामाचे केव्हीएम चांगले. ते २००७ पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे.

माझ्या भाच्याने त्याच व्हर्च्युअलबॉक्समध्ये स्वतःसाठी उबुंटू हा लिनक्सचा एक प्रकार घातला आहे. त्याच्या लॅपटॉपवर तो ठीक चालतो, पण उबुंटूला एक्सपीसारखी १ जीबी पुरत नाही. ४ जीबी मेमरी आणि २५ जीबी डिस्क दिल्याशिवाय उबुंटूच्या वाटेला जाऊ नये. परीक्षेच्या आधी त्याने एक चुकीची आज्ञा देऊन आतली संपूर्ण यंत्रणा पुसून टाकली होती, आणि पाच मिनिटांत स्नॅपशॉटवरून ती परत उभी केली. त्याच्या लॅपटॉपमधल्या इतर कशालाही धक्का लागला नाही. आमच्या गावांतल्या ज्या घरांत एकच संगणक असतो आणि त्यावर वडिलांचे हिशेब, बहिणीचे अर्ज आणि मुलाचा अभ्यास एकत्र चालतो, तिथे शिकणाऱ्या मुलाला अशी मोकळी जागा मिळणे मला फार मोलाचे वाटते.

जे खटकते तेही नोंदवतो. त्रिमितीय चित्रांचे किंवा खेळांचे काम आत करू पाहणाऱ्याची निराशा होईल. सेटिंगच्या पानांवर इतके पर्याय आहेत, की नवख्या माणसाने प्रथम साध्या पद्धतीच्या मांडणीतच राहावे, ७.१ पासून साधी आणि जाणकारांची अशा दोन मांडण्या दिलेल्या आहेत. व्हर्च्युअलबॉक्सची मोठी आवृत्ती बदलली की गेस्ट ॲडिशन्सही नव्याने बसवावे लागतात, आणि ते लग्नसराईत कधीच करू नये. मी आवृत्ती बदलण्याचे काम फक्त पावसाळ्यात, आषाढानंतर, छपाई मंदावलेली असताना करतो, आणि त्याआधी पूर्ण प्रत घेतो.

पाचपैकी साडेचार तारे मी याला देतो. अर्धा तारा कासवासाठी आणि आयडीईच्या त्या न सांगितलेल्या पर्यायासाठी राखून ठेवला आहे. सध्या मी दर रविवारी दहा-बारा जुन्या फाइली उघडून त्यांचा मजकूर युनिकोडमध्ये आणत आहे. २००४ पासून सुरुवात केली असून २०११ पर्यंतच्या सप्ताहपत्रिका झाल्या आहेत. स्मरणिका अजून बाकी आहेत. त्यांतल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या आठवणी लांब आहेत आणि त्यांचे एकेक प्रूफ मी स्वतः वाचतो.